मुका मार आणि मूत्रवाहिनी : रूढ निदानमतांची समीक्षा

१. प्रश्नाचे स्वरूप

पोटावर वा कमरेवर बाहेरून जोराचा आघात व्हावा, परंतु त्वचा फाटू नये, अशा दुखापतीस मराठीत ‘मुका मार’ म्हणतात. पोलिसांच्या पंचनाम्यांत व शासकीय रुग्णालयांच्या दाखल्यांत हा शब्द दीर्घकाळ रूढ आहे. मुक्या मारात प्लीहा व यकृत यांना होणाऱ्या इजांचा अभ्यास विपुल झालेला आहे. मूत्रपिंडाच्या इजांचाही पुष्कळ झालेला आहे. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत मूत्र वाहून नेणाऱ्या मूत्रवाहिनीची मात्र बहुतेक पाठ्यग्रंथ दोनचार परिच्छेदांत बोळवण करतात. प्रस्तुत लेखात या परिच्छेदांतून प्रसृत झालेल्या मतांची तपासणी करावयाची असून, ही तपासणी धाराशिव जिल्ह्यासारख्या ग्रामीण मुलखातील वैद्यकीय व्यवहार डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे.

तपासणीस घ्यावयाची मते तीन आहेत. पहिले असे की, प्रौढांमध्ये मुक्या मारामुळे मूत्रवाहिनीस होणारी इजा इतकी विरळ आहे की तिची शंका घेण्याचे सामान्यतः कारण नाही. दुसरे असे की, लघवीत रक्त आढळले नाही तर मूत्रसंस्था शाबूत आहे असे मानण्यास हरकत नाही. तिसरे असे की, दाखल होताच घेतलेल्या पहिल्या चित्रात दोष दिसला नाही म्हणजे प्रश्न निकालात निघाला. चांगल्या ग्रंथांत या तिन्ही मतांना अपवाद जोडलेले असतात, हे खरे. परंतु ग्रंथातून वर्गात आणि वर्गातून रुग्णाच्या खाटेपाशी येईपर्यंत अपवाद गळून पडतात आणि नियम तेवढा शिल्लक राहतो. समीक्षेचा रोख आहे तो या उरलेल्या नियमावर.

या प्रश्नास व्यावहारिक महत्त्व येते ते उशिरामुळे. वेळीच ओळखलेली मूत्रवाहिनीची इजा बहुधा दुरुस्त करता येते. न ओळखलेल्या इजेतून मूत्र उदरावरणामागील पोकळ ऊतींत झिरपत राहते, तेथे त्याचे तळे साचते, त्यात पू होतो, कधी भगंदर पडते, कधी वाहिनी आकसून मूत्रपिंड हळूहळू निकामी होते. जंतुदोष रक्तात पसरल्यास रुग्ण दगावतो. म्हणजे येथे निदानातील चूक ही मूत्रपिंडाच्या, प्रसंगी प्राणाच्या मोलाची असते.

२. संज्ञेचा प्रश्न

मतांकडे वळण्यापूर्वी संज्ञेचा विचार करणे अवश्य आहे. कारण संज्ञा सैल असली की निदानही सैल होते. वैद्यकीय मराठीत मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंतच्या नलिकेस ‘मूत्रवाहिनी’ आणि मूत्राशयापासून शरीराबाहेर जाणाऱ्या नलिकेस ‘मूत्रमार्ग’ असा भेद केलेला आहे. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडातील तिसऱ्या सूक्तात ‘गवीनी’ हा शब्द द्विवचनात येतो. त्याचा अर्थ दोन मूत्रवाहिन्या असा लावण्याकडे अनेक अभ्यासकांचा कल असून, आधुनिक परिभाषेतही काहींनी त्याचा पुरस्कार केलेला आहे. तो मराठीत रुजला नाही. ‘मूत्रनलिका’ हा तिसरा शब्द मात्र कोणी एका अर्थी, कोणी दुसऱ्या अर्थी वापरतात आणि बोलीभाषेतील ‘लघवीची नळी’ तर दोन्ही अवयवांना, शिवाय रबरी नळीलाही, सारखीच लागू पडते.

हा गोंधळ केवळ कोशकारांच्या चिंतेचा नाही. मुक्या मारात कटिबंधाचे हाड मोडले असता मूत्रमार्गास इजा होणे हे परिचित आहे. तिची खूण म्हणजे मूत्रद्वाराशी दिसणारे रक्त; आणि अशा वेळी मूत्रमार्गाचे चित्र घेतल्यावाचून नळी घालू नये हा तिचा दंडक. मूत्रवाहिनीच्या इजेस ना ती खूण लागू पडते, ना तो दंडक. तालुक्याच्या गावाहून आलेल्या चिठ्ठीत ‘लघवीच्या नळीला मार असल्याची शंका’ एवढाच मजकूर असेल, तर वाचणाऱ्याच्या मनात प्रथम मूत्रमार्ग येतो. नळी सहज गेली, लघवी आली, की शंका फिटली असे तो समजतो. मूत्रवाहिन्या दोन आहेत. एक तुटली तरी दुसरीतून आलेली लघवी मूत्राशय भरते. यास्तव लघवी होत असणे हा मूत्रवाहिनी शाबूत असल्याचा पुरावा नव्हे. चिठ्ठीत ‘उजवी’ वा ‘डावी’ आणि ‘मूत्रवाहिनी’ हे शब्द स्पष्ट लिहिले जाणे ही निदानाची पहिली पायरी मानली पाहिजे.

३. विरळतेचे मत

मूत्रवाहिनीची इजा विरळ आहे, हे विधान खरे आहे. २५ ते ३० सेंटिमीटर लांबीची ही बारीक नलिका कण्याच्या बाजूस, कटिलंबिनी स्नायूच्या पुढे, चरबीच्या थरात सैलसर पडलेली असते. तिला हालण्यास जागा असते. पुढून आतडी व मागून जाड स्नायू तिचे रक्षण करतात. तिला होणाऱ्या एकंदर इजांपैकी बहुसंख्य इजा शस्त्रक्रियेच्या ओघात, विशेषतः गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेत, घडतात. परंतु विरळतेचे प्रमाण किती, याची उत्तरे तपासली असता ती देशागणिक बदलतात असे आढळते.

पोलंडमधील मूत्ररोग विभागांकडून माहिती घेऊन दोब्रोवोल्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मूत्रवाहिनीच्या ४५२ इजांची नोंद आहे. पैकी ३४० शस्त्रक्रियाजन्य, ८१ मुक्या माराच्या व ३१ भेदक जखमांच्या होत्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय आघात नोंदसंचातील २००२ ते २००६ या काळातील माहितीवर सिराम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जननमूत्रसंस्थेच्या २२,७०६ इजांमध्ये मूत्रवाहिनीच्या ५८२ इजा आढळल्या. त्यांतील ३८.५ टक्के मुक्या माराच्या आणि ६१.५ टक्के भेदक जखमांच्या होत्या. भेदक जखमांमध्ये बंदुकीच्या जखमांचे प्रमाण ८८ टक्क्यांहून अधिक होते.

हे दोन अभ्यास शेजारी ठेवले असता एक गोष्ट ठळकपणे दिसते. शस्त्रक्रियाजन्य इजा वगळून केवळ बाहेरील आघातांचा विचार केल्यास पोलंडमध्ये ११२ पैकी ८१, म्हणजे सुमारे ७२ टक्के इजा मुक्या माराच्या ठरतात. अमेरिकेत त्या ३८.५ टक्के ठरतात. दोन्ही देशांतील माणसांची शरीररचना एकच आहे. तफावत आहे ती बंदुकीची. ज्या समाजात बंदूक घरोघरी असते त्या समाजातील आघातशास्त्र गोळीच्या जखमेभोवती रचले जाते. गोळीच्या जखमेत पोट उघडावेच लागते आणि उघडलेल्या पोटात शल्यविशारद मूत्रवाहिनी डोळ्यांनी पाहू शकतो. मुक्या मारात पुष्कळदा पोट उघडले जात नाही, आणि न उघडलेल्या पोटातील तुटलेली वाहिनी कोणाच्याच दृष्टीस पडत नाही.

धाराशिव जिल्ह्यात बाहेरील आघात म्हणजे प्राधान्याने रस्त्यावरील अपघात, उंचावरून वा विहिरीत पडणे, वाहनाखाली सापडणे आणि भिंत वा दरड अंगावर येणे. हे चित्र अमेरिकन नगरांपेक्षा पोलंडच्या चित्रास अधिक जवळचे आहे. यास्तव भेदक जखमांच्या अनुभवावर आधारलेली निदानसूत्रे येथे जशीच्या तशी लावणे शास्त्रदृष्ट्या समर्थनीय ठरत नाही.

इतिहासही याच दिशेने बोलतो. बाहेरील आघाताने मूत्रवाहिनी तुटल्याची पहिली नोंद ॲल्फ्रेड पोलंड या इंग्रज शल्यविशारदाची, १८६८ सालची आहे. रेल्वेचा फलाट व डबा यांच्या चेंगरात सापडलेली ३३ वर्षांची स्त्री सहाव्या दिवशी मरण पावली. शवविच्छेदनात उजवी मूत्रवाहिनी वृक्कद्रोणीच्या खाली पूर्णपणे तुटलेली आढळली. १९०४ साली हेन्री मॉरिस यांनी नोंदविलेला रुग्ण गाडीवरून पडून तिचे चाक उजव्या कुशीवरून गेलेला ३० वर्षांचा पुरुष होता. त्याचे मूत्रपिंड काढावे लागले. या विषयाचा प्रारंभ अशा रीतीने प्रौढांतील मुक्या मारापासून झालेला आहे. हे दोन्ही अपघात, फलाट व चाक यांचे तपशील बदलून, आजही कोणत्याही तालुक्यात घडू शकतात.

४. आघाताची रीत

विरळ व्याधीची शंका सर्वांविषयी घेता येत नाही. ती कोणाविषयी घ्यावी याचा निकष हवा. हा निकष आघाताच्या रीतीतून मिळतो.

मूत्रवाहिनी सैल असली तरी तिची दोन टोके बांधलेली असतात: वर वृक्कद्रोणीशी, खाली मूत्राशयाशी. धावत्या वाहनातील शरीर एकाएकी थांबते, किंवा उंचावरून पडलेला मनुष्य जमिनीवर आदळतो, तेव्हा मूत्रपिंड आपल्या चरबीच्या कोशात पुढे वा खाली झेपावते. वाहिनीचे वरचे टोक त्या ओढीस सापडते आणि वृक्कद्रोणीशी असलेल्या सांध्यापाशी वा त्याच्या लगत खाली ती तुटते. दुसरी रीत कणा मागे अतिरेकी वाकण्याची आहे. त्यात वाहिनी धनुष्याच्या दोरीप्रमाणे ताणली जाते. तिसरी रीत चेंगरण्याची. त्यात वाहिनी कण्याच्या मणक्यांवर वा त्यांच्या आडव्या प्रवर्धांवर दाबली जाते.

लहान मुलांचा कणा लवचीक असल्यामुळे दुसऱ्या रीतीची इजा त्यांच्यात अधिक होते, असे मानले जाते. त्यावरून ही इजा मुख्यत्वे मुलांची, असा एक समज पसरला. तो अर्धाच खरा आहे. प्रौढाचा कणा ताठ असल्याने त्याची वाहिनी तुटण्यास अधिक मोठा जोर लागतो, एवढाच त्या निरीक्षणाचा अर्थ. आणि जोर मोठा असला म्हणजे प्लीहा, यकृत, बरगड्या, कटिबंध, मांडीचे हाड यांपैकी काही ना काही मोडलेले असतेच. वर उल्लेखिलेल्या अमेरिकन अभ्यासात इजेच्या तीव्रतेचा मध्यक गुणांक मुक्या माराच्या रुग्णांत २१.५ व भेदक जखमांच्या रुग्णांत १६ होता. मुक्या माराच्या सुमारे पंचमांश रुग्णांत कटिबंधाचे हाड मोडलेले होते आणि जवळजवळ निम्म्या इजा मोटार अपघातांतील होत्या. प्रौढातील इजा लपते ती या गर्दीत. रक्तस्राव थांबविण्याच्या धावपळीत, जिच्यातून रक्त फारसे येत नाही अशा नलिकेकडे लक्ष जात नाही, हे मनुष्यस्वभावास धरूनच आहे.

मात्र हीच गर्दी निकषही पुरविते. वेगातून एकदम थांबणे, उंचावरून पडणे, कमरेवरून चाक जाणे वा ती चेंगरणे. कमरेच्या मणक्यांचे आडवे प्रवर्ध मोडणे. खालच्या बरगड्या व कटिबंध यांचे अस्थिभंग. कुशीवर निळसर डाग वा फुगवटी: यांपैकी दोन वा अधिक गोष्टी एकत्र आल्या असता मूत्रवाहिनीची शंका घेणे न्याय्य होते. सोलापूर–धुळे व पुणे–सोलापूर–हैदराबाद हे दोन राष्ट्रीय महामार्ग ज्या जिल्ह्यातून जातात आणि गळिताच्या हंगामात उसाच्या भरल्या गाड्या ज्याच्या आडरस्त्यांनी ओढल्या जातात, तेथे या गोष्टी एकत्र येण्याचे प्रसंग थोडे नाहीत.

५. किल्लारीचा भूकंप आणि लाल लघवीचे प्रमाण

दुसऱ्या मताची, म्हणजे लघवीतील रक्तावर भिस्त ठेवण्याच्या मताची, कसोटी पाहण्यास या जिल्ह्याच्या इतिहासातील सर्वांत मोठा आघातप्रसंग उपयोगी पडतो.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर ६.२ क्षमतेचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून लोक घरी येऊन झोपले होते. किल्लारी लातूर जिल्ह्यात. सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही उद्ध्वस्त झालेली गावे उस्मानाबादेकडील. सुमारे आठ हजार माणसे दगावली. मनुष्यहानी एवढी मोठी होण्याचे कारण घरांच्या रचनेत होते. मातीत रचलेल्या दगडांच्या दोन ते चार फूट रुंदीच्या भिंती, लाकडी खांब-तुळया आणि त्यांवर पाऊस अडविण्यासाठी वर्षानुवर्षे वाढविलेला मातीचा जड थर, अशी ही माळवदाची घरे. भिंती खचल्या, माळवद खाली आले आणि निजलेली माणसे दगडमातीखाली गाडली गेली. कुडाच्या हलक्या झोपड्यांतील माणसे तुलनेने बचावली.

अशा रीतीने गाडल्या गेलेल्या, पण जिवंत बाहेर काढलेल्या मनुष्याच्या शरीरात काय घडते याचे शास्त्रीय वर्णन लंडनवरील हवाई हल्ल्यांतील रुग्णांवरून बायवॉटर्स व बील यांनी १९४१ साली केले. दीर्घकाळ दाबला गेलेला स्नायू मरतो. दाब निघताच त्यातील रंगद्रव्य रक्तात मिसळते, मूत्रपिंडात उतरते आणि तेथील सूक्ष्म नलिका निकामी करते. लघवी लाल-तपकिरी होते, मग कमी होते आणि रक्तातील युरिया व क्रिएटिनिन चढतात.

आता तुटलेल्या मूत्रवाहिनीची लक्षणे याशेजारी ठेवावीत. वाहिनी पूर्ण तुटली असेल तर त्या बाजूचे रक्त मूत्राशयापर्यंत पोहोचतच नाही; दुसऱ्या बाजूची स्वच्छ लघवी तेवढी येते. वाहिनी अर्धवट फाटली वा नुसती ठेचली गेली तरी तिचे आकुंचन मंदावते आणि रक्त उतरत नाही. मूत्रवाहिनीच्या इजांत लघवीतील रक्त केवळ ५० ते ७५ टक्के रुग्णांत आढळते, असे युरोपीय मूत्ररोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शिकांत म्हटलेले आहे. याउलट, बाहेर झिरपलेले मूत्र उदरावरणातून वा भोवतालच्या ऊतींतून पुन्हा शोषले गेल्यामुळे रक्तातील युरिया व क्रिएटिनिन येथेही चढतात, आणि मूत्रपिंड शाबूत असूनही ते निकामी झाल्यासारखे भासते.

यातून निघणारा निष्कर्ष रूढ मतास दोन्ही बाजूंनी छेद देणारा आहे. ढिगाऱ्याखालून काढलेल्या रुग्णाची लघवी लाल आहे म्हणून मूत्रसंस्थेस जखम झाली असे म्हणता येत नाही, कारण तो रंग स्नायूंचा असू शकतो. आणि लघवी स्वच्छ आहे म्हणून मूत्रवाहिनी शाबूत आहे असेही म्हणता येत नाही, कारण रक्ताची वाटच तुटलेली असू शकते. युरिया व क्रिएटिनिन चढले म्हणून मूत्रपिंड निकामी झाले, हे अनुमानदेखील एकट्याने उभे राहत नाही. ज्या लक्षणावर नियम उभारला, ते लक्षण या प्रसंगी होकारही देत नाही आणि नकारही देत नाही.

या कोंडीतून बाहेर पडण्याचे पहिले साधन अत्यंत साधे आहे. रासायनिक पट्टी रक्त व स्नायूचे रंगद्रव्य यांत भेद करीत नाही. दोहोंनी ती रंगते. सूक्ष्मदर्शक यंत्र भेद करते. पट्टी रंगली आणि सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी दिसल्या नाहीत, तर रंग बहुधा स्नायूंचा होय. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात हे यंत्र असते. खोळंबा असतो तो फक्त प्रश्न विचारला जाण्याचा.

भूकंप वारंवार येत नाहीत, हा आक्षेप येथे गैरलागू आहे. खोदकामात दरड कोसळून, जुन्या घराची भिंत पडून वा उलटलेल्या गाडीखाली सापडून चेंगरणारा मनुष्य हा त्या पहाटेच्या रुग्णाचाच प्रतिनिधी असतो. त्याच्या बाबतीत लाल लघवीचे हेच दुहेरी अर्थ संभवतात.

६. पहिले चित्र आणि प्रतवारी

तिसरे मत पहिल्या चित्रावरील विश्वासाचे. गंभीर मुक्या मारात पोटाचे सीटी स्कॅन काढतात, तेव्हा शिरेतून रंजकद्रव्य दिल्यावर साधारणतः मिनिट-सव्वा मिनिटात चित्रे घेतली जातात. यकृत, प्लीहा व मूत्रपिंडाचे मांस यांच्या तपासणीस ही वेळ योग्यच आहे. परंतु त्या क्षणी रंजकद्रव्य मूत्रवाहिनीत उतरलेलेच नसते. जे द्रव्य अद्याप वाहिनीत पोहोचले नाही ते तिच्या छिद्रातून बाहेर पडताना दिसावे, ही अपेक्षा अयोग्य होय. सुमारे दहा मिनिटांनी पुन्हा चित्रे घेतली असता द्रव्य वाहिनीबाहेर सांडलेले दिसते, किंवा तुटीच्या खालील भाग कोरा राहिलेला दिसतो. अमेरिकन मूत्ररोग संघटनेच्या २०१४ सालच्या मार्गदर्शिकेने, प्रकृती स्थिर असलेल्या व मूत्रवाहिनीच्या इजेची शंका असलेल्या रुग्णात हीच विलंबित चित्रे घेण्यास सांगितले आहे. येथे ‘शंका असलेल्या’ हे शब्द निर्णायक आहेत. यंत्र उत्तम असूनही शंका घेतली गेली नाही, तर विलंबित चित्र घेतले जात नाही. तेव्हा पहिल्या मताचा दोष तिसऱ्या मतात उतरतो: विरळ म्हणून शंका नाही, शंका नाही म्हणून चित्र नाही, चित्र नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून पुन्हा विरळ.

ज्यांस तातडीने शस्त्रक्रियागृहात न्यावे लागते त्यांच्यासाठी टेबलावरच एकच क्ष-किरण चित्र घेण्याची जुनी पद्धत आहे. दुसऱ्या बाजूचे मूत्रपिंड आहे की नाही एवढे त्यावरून कळते. मूत्रवाहिनी शाबूत असल्याची ग्वाही ते देऊ शकत नाही. पोट उघडलेच असेल तर सर्वांत विश्वसनीय साधन म्हणजे वाहिनी मोकळी करून डोळ्यांनी पाहणे. शिरेतून वा वृक्कद्रोणीत निळे रंजक देऊन गळती शोधणे हे त्याचे साहाय्यक.

अमेरिकन आघातशल्य संघटनेची १९९२ सालची प्रतवारी सर्वत्र वापरली जाते. रक्त साकळणे ही पहिली प्रत. परिघाच्या निम्म्याहून कमी फाटणे ही दुसरी. निम्मे वा अधिक फाटणे ही तिसरी. पूर्ण तुटून दोन सेंटिमीटरांपेक्षा कमी भागाचा रक्तपुरवठा जाणे ही चौथी, आणि त्याहून अधिक भागाचा जाणे ही पाचवी. दुरुस्ती कशी करावी हे ठरविण्यास ती उपकारक आहे, यात संशय नाही. तथापि ती जखमेचे वर्णन करते, काळाचे करीत नाही. पहिल्या सहा तासांत ओळखलेली चौथ्या प्रतीची इजा आणि दहाव्या दिवशी पुवाने भरलेल्या तळ्यात सापडलेली दुसऱ्या प्रतीची इजा यांत रुग्णास अधिक घातक कोणती, याचे उत्तर प्रतवारीत मिळत नाही. ज्या मुलखात रुग्ण अनेक टप्प्यांनी रुग्णालयात पोहोचतो तेथे प्रतीच्या अंकाशेजारी निदानाचा दिवस लिहिणे हे प्रतवारीइतकेच महत्त्वाचे मानले पाहिजे.

७. जिल्ह्यातील व्यवहार

धाराशिव येथे २०२२ सालापासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यापूर्वी गंभीर रुग्णास सोलापूर, लातूर वा अंबाजोगाई यांपैकी एक गाठावे लागे. महाविद्यालय झाले तरी तालुक्याचे गाव व जिल्ह्याचे ठिकाण यांतील अंतर कायम आहे. यास्तव उपरोक्त विवेचनातून निघणारे व्यवहार दोन पातळ्यांवर मांडणे युक्त होईल.

तालुक्याच्या पातळीवर अपेक्षा तीन आहेत. आघाताची रीत चिठ्ठीत लिहिणे: ‘अपघात’ एवढा शब्द पुरेसा नसून वेगातून थांबला, उंचावरून पडला की चेंगरला, हे लिहिणे, लघवीची पट्टी व सूक्ष्मदर्शक अशी दुहेरी तपासणी, आणि दुसऱ्या, तिसऱ्या व पाचव्या दिवशी रुग्णाकडे पुन्हा पाहणे. न ओळखलेली इजा याच दिवसांत बोलू लागते. उतरलेला ताप पुन्हा चढणे, कुशीत दुखणे व जडपणा, पोट फुगून आतडी मंद होणे, जखमेतून वा निचऱ्याच्या नळीतून पातळ पिवळसर पाणी वाढत जाणे, ही तिची भाषा होय.

जिल्ह्याच्या पातळीवर सोनोग्राफीने साचलेले द्रव शोधणे व सुईने त्याचा नमुना घेणे शक्य आहे. त्या द्रवातील क्रिएटिनिन रक्तातील क्रिएटिनिनपेक्षा कितीतरी पट अधिक असेल तर ते मूत्रच होय. ही तपासणी स्वस्त आहे आणि तिला रंजकद्रव्य लागत नाही. चेंगरलेल्या रुग्णाच्या मूत्रपिंडावर आधीच ताण असताना शिरेतून रंजकद्रव्य देणे धोक्याचे ठरू शकते, हे ध्यानी घेता तिचे मोल अधिकच वाढते. त्यानंतर मूत्राशयातून वर रंजक चढवून घेतलेले चित्र तुटीची जागा दाखविते. त्यास मूत्रपिंडाच्या कार्यक्षमतेची अपेक्षा नसते. त्याच बैठकीत अर्धवट फाटलेल्या वाहिनीत आधारनळी घालता येते. ती न गेल्यास पाठीतून थेट मूत्रपिंडात नळी घालून मूत्राचा निचरा करता येतो.

दुरुस्तीचे तत्त्व सर्वमान्य आहे: मेलेला भाग काढणे, टोके तिरकी कापून रुंद करणे, ताण न देता विरघळणाऱ्या धाग्याने आधारनळीवर जोडणे, खालच्या तृतीयांशातील इजेत वाहिनी मूत्राशयात नव्याने रोवणे. रुग्णाची प्रकृती ढासळलेली असेल तर तुटलेले टोक बांधून टाकावे, मूत्रपिंडातून निचरा करावा आणि जोडणी पुढे ढकलावी. हा अखेरचा उपाय पराभव समजला जाऊ नये; दूरच्या रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी मूत्रपिंड वाचविण्याची ती एक रीतसर पायरी आहे.

८. आक्षेप व निष्कर्ष

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, मुक्या माराच्या प्रत्येक रुग्णाची विलंबित चित्रे घेतल्यास खर्च व किरणांचा भार वाढेल आणि हाती फारसे लागणार नाही. आक्षेप रास्त आहे; परंतु येथे प्रत्येक रुग्णाविषयी तशी सूचना केलेलीच नाही. आघाताची रीत व सोबतचे अस्थिभंग यांनी गाळून उरलेल्या थोड्या रुग्णांपुरतीच ती आहे. दुसरा आक्षेप असा की, लघवीतील रक्त हे मूत्रपिंडाच्या इजेचे मोलाचे लक्षण असून त्यास कमी लेखणे धोक्याचे आहे. तेही मान्य केले पाहिजे. मूत्रपिंडाच्या बाबतीत त्या लक्षणाचा अधिकार अबाधित आहे; तो मूत्रवाहिनीच्या प्रांतात ओढून नेणे तेवढे चूक आहे.

समीक्षेअंती तिन्ही मतांची स्थिती पुढीलप्रमाणे ठरते. विरळतेचे मत सर्व आघातांच्या सरासरीस खरे, विशिष्ट रीतीच्या आघातांस अपुरे. रक्ताचे मत मूत्रपिंडास लागू, मूत्रवाहिनीस अविश्वसनीय आणि चेंगरलेल्या रुग्णात दोन्ही बाजूंनी फसवे. पहिल्या चित्राचे मत यकृत-प्लीहेपुरते ग्राह्य, मूत्रवाहिनीविषयी मौन पाळणारे. या तिहींच्या जागी आघाताच्या रीतीवर आधारलेली शंका, विलंबित चित्र वा द्रवपरीक्षा, आणि ठरावीक दिवशी पुनर्तपासणी ही त्रयी ठेवावी लागेल.

मराठवाड्यातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांस यातून संशोधनाचे एक निश्चित कार्य उपलब्ध होते. मुक्या माराच्या प्रत्येक गंभीर रुग्णाची आघाताची रीत, लघवीची दुहेरी तपासणी, विलंबित चित्र घेतले की नाही, आणि निदानाचा दिवस, या चार रकान्यांची नोंदवही ठेवण्यास वेगळा निधी लागत नाही. पोलंड व अमेरिका यांच्या आकड्यांतील अंतर बंदुकीने पडले. या मुलखाच्या आकड्यांवर रस्ता, ऊस, विहीर आणि दगडमातीची भिंत यांची छाप पडेल, आणि येथील निदानसूत्रे त्याच आकड्यांवर रचावी लागतील.